चार बोटं वर, चार बोटं खाली

शनिवारी संध्याकाळी पवना धरणाच्या काठावर रंगीत तंबूंच्या रांगा लागतात. पुण्या-मुंबईची मंडळी गाडीतून उतरली की आधी फोटो काढतात, मग चहा कुठे मिळेल ते विचारतात. आमच्या ग्रुपमधले काका टेप काढतात. सुताराकडे असते तसली, स्टीलची. तंबूची मधली उंची, दाराची उंची आणि कापड कुठून आत कलायला लागतं ते अंतर, अशी तीन मापं वहीत उतरली की मग ते कॅम्पवाल्या पोराकडे वळतात.

"आत गादी टाकलीय, काका," पोरगं सांगतं.

"गादी आहे रे. पण सकाळी मला उठवणार कोण? तू?"

प्रश्न रास्त असतो. साठी उलटलेल्या माणसाला जमिनीवर झोपता येतं, जमिनीवरून उठता येत नाही. म्हणून काका स्वतःची घडीची कॉट घेऊन हिंडतात. पूर्वी त्यांच्याकडे जुन्या बाजारातून आणलेली लष्करी थाटाची होती, लाकडी कैचीच्या पायांची. तिची उंची झकास, पण कैचीच्या पायांना लांब-आखूड करायची सोय नाही. ज्या वस्तूत फेरफार करता येत नाही, ती काकांच्या घरी टिकत नाही.

आताची कॉट ॲल्युमिनियमच्या नळ्यांची आहे, हलकी आणि जेमतेम वीतभर उंच. तिच्यावर बसलं की गुडघे हनुवटीची विचारपूस करायला येतात. कुणाचा हात न धरता उठायचं तर बैठक खुर्चीइतकी, म्हणजे 17-18 इंचांवर हवी, हा काकांचा पहिला सिद्धांत. त्यासाठी त्यांनी नळकामाच्या पीव्हीसी पाइपाचे तुकडे कापून घेतलेत. प्रत्येक तुकड्यात एक आडवा बोल्ट. कॉटचा पाय आत शिरतो आणि बोल्टवर टेकतो. अशा तुकड्यांचे तीन संच तीन पिशव्यांत असतात आणि पिशव्यांवर काकांच्या अक्षरात लिहिलेलं असतं : 'बसकं', 'मध्यम' आणि 'साहेबी'.

'साहेबी' संच स्विस टेन्टमध्ये शोभतो. तिथे भिंती सरळ असतात, माणूस आत उभा राहतो, कॉट हवी तेवढी चढवा. पण पवनेला बहुतेक तंबू घुमटाकार, आणि त्यांचं कापड जमिनीपासूनच आत झुकत जातं. कॉट जितकी वर, तितकी जागा अरुंद. मध्यावर चार फूट उंची असलेल्या तंबूत 18 इंचांवर बसलं की डोकं छताला लागतं, आडवं झालं की पाय कापडाला. पहाटे श्वासाची वाफ त्या कापडावर आतून जमलेली असते, त्यामुळे मोजे भिजतात. "गुडघा म्हणतो वर, तंबू म्हणतो खाली," हा दुसरा सिद्धांत काका अशा सुरात सांगतात की जणू घरातलं भांडणच मिटवायला घेतलंय.

भांडण रात्री जेवणापर्यंत चालतं. कॉटची उंची रिकामी मोजायची नसते. माणूस झोपला की कापडाला झोळ पडतो आणि मधला भाग चांगला चार बोटं खाली जातो. त्यामुळे काकांना सारखा माणूस लागतो. पुतण्याला हाक जाते, "अरे, आडवा हो. पूर्ण. श्वास सोड." पुतण्या काडीपैलवान, त्याच्या वजनाचा उपयोग नाही. मग काका शेजारच्या तंबूपाशी शेकोटीवर कणसं भाजत बसलेल्या अनोळखी गृहस्थांना अदबीनं विचारतात, "आपलं वजन किती हो?"

त्यानंतर पाणसळ निघते. धरणाचा काठ उताराचा. उशाकडची बाजू खाली गेली तर डोकं जड होतं, म्हणून उशाला 'मध्यम' आणि पायथ्याला 'बसकं' असं कडबोळं जमवलं जातं. पाइपाची उघडी टोकं तंबूचं तळकापड फाडतात, ओल्या मातीत रुततात. त्यांच्याखाली रबराच्या चकत्या येतात. निळा पट्टा काकूंच्या नजरेतून सुटत नाही.

"अहो, ही माझी स्लिपर ना?"

"होती."

काकू खालच्या गादीवर पडतात आणि लगेच घोरू लागतात.

इकडे डिसेंबरची थंडी पडते. जमिनीवर झोपलेल्यांच्या पाठीखाली गादी असते, काकांच्या पाठीखाली नुसतं कापड आणि त्याखाली खेळता वारा. म्हणून कॉटवर फोमची चटई येते. चटई इंचभर जाड, म्हणजे पाय इंचभर कमी करायला हवेत. रात्री सगळीकडची गाणी बंद झाल्यावर धरणाच्या काठावर हॅक्सॉ चालल्याचा आवाज येतो, तेव्हा जुन्या मंडळींना कळतं की काकांनी चटई अंथरली.

या माणसाला हसणं सोपं आहे. पण ग्रुपमध्ये एखादी मावशी येते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, आणि संकोचून म्हणते, "मी गाडीतच झोपते हं." काका तिला खुर्चीवर बसवतात, गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंत टेप लावतात आणि दहा मिनिटांत आपली कॉट तिच्या मापाची करून दाराशी लावून देतात. मावशी रात्री दोनदा एकटी उठते, एकटी झोपते. दुसऱ्याच्या मापात काका कधी चुकत नाहीत. स्वतःची कॉट मात्र त्यांना कधीच नेमकी जमत नाही, कारण जमली तर उद्या करायचं काय?

तेव्हा वाचकहो, तंबूत मुक्काम करणार असाल तर गुडघ्याची उंची मोजून जा, तंबू बुटका असेल तर बसकी कॉट घ्या, पाठीखाली चटई घ्या आणि असा एखादा काका जरूर सोबत न्या. चपला मात्र गाडीत ठेवून कुलूप लावा.