भुताचं स्थळ कसं पारखावं: नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

माझी भाची पोलादपूरहून रोज एसटीने महाडला कॉलेजात येते. येता-जाता ती ज्या कादंबऱ्या वाचते त्यांत मुलगी माणूस असते आणि मुलगा नसतो. तो रक्त पिणारा असतो, पौर्णिमेला लांडगा होणारा असतो, नाहीतर टोकदार कानांचा, पाचशे वर्षांचा यक्षकुळातला राजपुत्र तरी असतो. एकदा तिने मला त्यातलं एक पुस्तक दिलं आणि म्हणाली, "मावशी, वाच आणि कसं वाटलं ते लिहून दे." आठ दिवसांत मी वाचलं आणि नवव्या दिवशी परीक्षण लिहून दिलं. तिने ते चहा संपायच्या आत वाचून परत केलं. "हे परीक्षण नाही गं, सत्कारसमारंभ आहे."

त्यानंतर मी या विषयाचा रीतसर अभ्यास केला, तोही चवदार तळ्याच्या काठावर बसून, कारण आमच्या घरात संध्याकाळी टीव्ही चालू असतो. माझ्यासारख्या नवशिक्यांना उपयोग व्हावा म्हणून जे शिकले ते पायरीपायरीने देत आहे.

लागणारे साहित्य

कादंबरी एक. टोक केलेली पेन्सिल एक. दोनशे पानी वही एक. बॅटरी एक, कारण पावसाळ्यात ऐन सुळे बाहेर येण्याच्या प्रसंगी लाइट जाते. आणि एक उंच फळी. महाडात पुस्तक खालच्या कप्प्यात ठेवू नये. जुलै २०२१ च्या पुरात माझे खालचे दोन खण गेले. त्यातली पुस्तकं फुगून अशी एकमेकांना चिकटली की प्रेमकथा कुठे संपते आणि पाककृती कुठे सुरू होते ते कळेना.

पायरी पहिली: कुळी बघा

हा प्रकार परदेशातून आला, असं म्हणून नाक मुरडू नये. मराठी कादंबरी चालायला लागली तीच मुळी अद्भुताचं बोट धरून. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. राजकन्या, संकटं, योगायोग आणि शेवटी मीलन. पुढे नारायण धारपांनी 'लुचाई'त स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'मधले रक्तपिपासू मराठी मुलखात आणून वसवले. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी आमच्या पिढीला रात्री पाणी प्यायला एकटीने उठू दिलं नाही.

प्रेम आणि भूत यांची जोडीही आपल्याकडे जुनीच आहे. मुंज झाली पण लग्न व्हायच्या आत गेला, असा मुलगा मुंज्या होऊन पिंपळावर बसतो. म्हणजे त्याची सगळी अडचण लग्नाचीच. २०२४ साली 'मुंज्या' नावाचा हिंदी सिनेमा याच अडचणीवर चालला. परदेशी लेखिका ज्याला 'नशिबाने बांधलेली जोडी' म्हणून पाच-पाच खंड लिहितात, ते आमची आजी एका वाक्यात सांगायची: गाठी वरच बांधलेल्या असतात.

पायरी दुसरी: मुलाची चौकशी करा

स्थळ आलं की आपण करतो तीच चौकशी. वय काय, करतो काय, राहतो कुठे. भाचीने दिलेल्या 'ट्वायलाइट'चा (प्रकाशन २००५) नायक एडवर्ड १९०१ चा जन्म. १९१८ च्या साथीत मरता मरता त्याला रक्तपिपासू करण्यात आलं, तेव्हापासून वय वर्षं सतराच. शंभरी ओलांडली तरी शाळेत जातो. आमच्या गल्लीत असा मुलगा असता तर लोकांनी नापास म्हणून सोडून दिला असता.

हा एडवर्ड रात्री खिडकीतून आत येऊन झोपलेल्या नायिकेकडे बघत बसतो. पुस्तकात याला प्रेम म्हणतात. आमच्या आळीत अशा वेळी चार जण काठ्या घेऊन बाहेर पडतात. नवशिक्याने इथे पेन्सिल उचलावी आणि समासात लिहावं: 'देखणा नसता तर?' या एका प्रश्नावर निम्म्या कादंबऱ्यांचं परीक्षण पुरं होतं.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने. त्याचं कुटुंब माणसांचं रक्त पीत नाही, फक्त जनावरांचं पितं. एवढ्यावर ते स्वतःला 'शाकाहारी' म्हणवतात. ही माहिती लक्षात ठेवा, शेवटच्या पायरीवर लागेल.

पायरी तिसरी: नियम वहीत उतरवा

अद्भुत कथेत काहीही चालतं, हा नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज. अद्भुतात एकच गोष्ट चालत नाही, ती म्हणजे मधेच नियम बदलणं. १८९७ च्या 'ड्रॅक्युला'त काउंटचं आरशात प्रतिबिंब पडत नाही, लसूण त्याला सोसत नाही, कुणी आत बोलावल्याशिवाय पहिल्यांदा तो घरात शिरू शकत नाही. हे नियम लेखकाने शेवटपर्यंत पाळले, म्हणून भीती टिकली. (हा काउंट कोकणात आला असता तर सुकटीच्या कालवणाच्या फोडणीनेच कशेडी घाटापलीकडे पळाला असता.)

आपल्या भुतांचे नियम तर फारच काटेकोर. हडळीचे पाय उलटे. चकवा माणसाला रात्रभर एकाच शेताभोवती फिरवतो आणि उजाडलं की सोडतो. कशेडी घाटातली पांढऱ्या साडीतली बाई गाडीला हात करते, मागे वळून बघायचं नाही. बोगदा झाल्यापासून तिचा धंदा बसला असावा.

आता हीच वही जरा निरखून बघा. ब्रह्मसमंध हा मेलेला ब्राह्मण. मुंज्या व्हायला आधी मुंज व्हावी लागते, म्हणजे ज्यांच्यात मुंज होते त्यांच्यातलाच. माणूस मेला, जळला, पिंपळावर जाऊन बसला, तरी जात खाली राहिली नाही, बरोबर वर चढली. आणि बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते. ज्या घरात सुईण वेळेवर आली नाही त्या घराला कुणी नाव ठेवलं नाही, जी मेली तिचेच पाय उलटे केले.

इथे परीक्षकाची खरी कामगिरी सुरू होते. नियम काय आहे, एवढं लिहून थांबू नये. तो कुणाच्या सोयीचा आहे, हेही खाली लिहावं.

पायरी चौथी: खालील वाक्यं वापरू नका

'ओघवती भाषा.' 'वाचकाला खिळवून ठेवते.' 'एका बैठकीत वाचून काढले.' 'वाचकाला एका वेगळ्याच विश्वात घेऊन जाते.' 'मुखपृष्ठ समर्पक.' 'मुद्रणदोष टाळता आले असते तर बरे झाले असते.' 'प्रत्येकाच्या संग्रही असावे असे पुस्तक.'

माझ्या पहिल्या परीक्षणात ही सातही वाक्यं होती, याच क्रमाने. भाचीने प्रत्येकावर पेन्सिलने आकडा घातला आणि खाली लिहिलं, 'हेच परीक्षण ज्वारीच्या लागवडीवरच्या पुस्तकालाही चालेल.'

ताऱ्यांचंही तसंच. पाचपैकी पाच तारे सगळ्यांनाच दिले तर आकाशाचा काय उपयोग? हल्ली शृंगाराचं प्रमाण मिरच्यांनी दाखवतात. एक मिरची म्हणजे हातात हात, पाच मिरच्या म्हणजे पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचणं. मिरच्या जरूर मोजा, पण मिरच्यांवरून कालवणाची परीक्षा होत नाही. मीठ पडलंय का ते बघा.

पायरी पाचवी: पाण्यापर्यंत या

आता सराव. यासाठी मी महाडातलीच एक अद्भुत गोष्ट निवडली आहे, कारण आपण जिथे बसलोय तिथेच ती घडली.

गोष्टीतला नियम असा: या चवदार तळ्याचं पाणी बाटतं. कशाने? गुरं प्यायली तर बाटत नाही. पाखरांनी चोची बुडवल्या तर बाटत नाही. परधर्मीयांनी भरून नेलं तर बाटत नाही. काही ठरावीक जातींत जन्मलेल्या माणसाची ओंजळ लागली की मात्र बाटतं. आणि नियम शेकडो लोकांना तोंडपाठ, एकालाही शंका नाही. रक्तपिपाशांच्या कुठल्याही लेखिकेला असे वाचक मिळालेले नाहीत.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर महाडात भरलेल्या परिषदेच्या मंडपातून निघाले, मागून हजारो माणसं निघाली, आणि सगळ्यांनी इथे येऊन ओंजळीने पाणी प्यायलं. पाणी होतं तसंच राहिलं. गावात मात्र आवई उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परिषदेला आलेल्या माणसांना जेवता जेवता मारहाण झाली.

त्यानंतर आला उतारा. १०८ घागरी पाणी तळ्यातून काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं, मंत्र म्हटले आणि घागरी परत तळ्यात ओतल्या. तळं शुद्ध झालं असं जाहीर केलं.

नवशिक्या परीक्षकाने आता वही उघडावी. माणसाच्या ओंजळीने पाणी खराब होतं आणि शेणाने स्वच्छ होतं, असं एखाद्या लेखिकेने लिहिलं असतं तर संपादकाने हस्तलिखित परत पाठवलं असतं. नियम स्वतःशीच जुळत नाही. तो कुणाच्या सोयीचा होता, हे तर सांगायलाच नको.

पण या गोष्टीची दोन परीक्षणं झाली आणि दोन्ही अभ्यासण्यासारखी आहेत. पहिलं २५ डिसेंबर १९२७ चं. तळ्यावर जायला तोवर कोर्टाची मनाई आलेली होती, तेव्हा महाडच्या परिषदेत ज्या ग्रंथातून हे नियम आले ती मनुस्मृतीच जाळली. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. म्हणजे कथेतलंच एक पात्र उठून कथेविरुद्ध बोललं. इतकं थोडक्यात लिहिलेलं परीक्षण मी दुसरं पाहिलेलं नाही.

दुसरं परीक्षण लांबलचक. तळं सवर्णांचंच, ही रूढी अनादी काळापासूनची आहे, असा दावा लागला. अद्भुत कादंबऱ्यांत 'प्राचीन भविष्यवाणी' असते ना, तसलाच हा 'अनादी काळ'. तो आला की नवशिक्याने नम्रपणे तारीख विचारावी. कोर्टाने तेच केलं. दहा वर्षं कागद फिरले आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: रूढी अनादी असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

आता दर २० मार्चला इथे अलोट गर्दी होते. रस्त्याच्या कडेला पुस्तकं मांडलेली असतात आणि लोक पिशव्या भरभरून पुस्तकं घेऊन जातात. त्या दिवशी मला माझ्या दगडावर बसायला जागा मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पायरी सहावी: आता स्वतःकडे बघा

ही पायरी मी टाळणार होते. पण परीक्षण दुरुस्त करायला म्हणून भाचीने माझा मोबाइल घेतला आणि 'परीक्षण अंतिम'च्या शेजारीच 'बायोडेटा अंतिम' होता. माझ्या मुलाचा, मीच टाइप केलेला. तिने तो मोठ्याने वाचला. जन्मवेळ, रास, गण, नाडी, उंची. जात आणि कंसात पोटजात. शेवटी, अपेक्षा: 'अनुरूप, स्वजातीय.'

"मावशी," ती म्हणाली, "आपल्याकडे एडवर्डसारखं स्थळ आलं तर?"

"रक्त पितो तो," मी म्हटलं.

"शाकाहारी लिहिलंय की त्याने."

"वय बघ. शंभरच्या वर."

"दिसतो सतराचा. घरची गाडी, वडील डॉक्टर."

मी गप्प बसले. मग तिने खरं विचारलं. "जात काय त्याची?"

जवळजवळ पाचशे पानं मी वाचली होती. तो माणूस नाही, जिवंतही नाही, त्याला नायिकेच्या मानेचा वास येतो, हे सगळं मी टिपून ठेवलं होतं. पण त्याची जात कोणती, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. शेवटच्या पानावर तर मी डोळे पुसले होते.

तेव्हा नवशिक्यांनो, ही या प्रकारची शेवटची कसोटी. कादंबरी मिटल्यावर विचारा: जे मी भुताला माफ केलं, ते शेजारच्या आळीतल्या मुलाला करीन का? उत्तर 'हो' असेल तर पुस्तकाला तारे द्या. 'नाही' असेल तर पुस्तकाचे तारे कापू नका. दोष त्याचा नाही.

मी परीक्षण नव्याने लिहिलं. भाचीने त्याला पाचपैकी साडेतीन दिले. मग मुलाला विचारून बायोडेटाही उघडला आणि शेवटच्या ओळीतला एक शब्द काढला. जात-पोटजातीची ओळ अजून तशीच आहे. तिथे बोट नेऊन मी दोनदा मागे घेतलं.

परवा शेजारच्या काकूंना तो पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन. "अगं, छान झालाय. फक्त शेवटी नुसतंच 'अनुरूप' राहिलंय. टाइप करताना पुढचा शब्द सुटला बघ तुझा."

मुद्रणदोष टाळता आले असते तर बरे झाले असते.