एकशे एक्कावन्न, आणि वर एक

डेटाबेस सर्व्हरच्या कोडमध्ये सगळ्यात निरुपद्रवी दिसणारा बदल म्हणजे सेटिंगचा आकडा बदलणारा. लाल ओळ एक, हिरवी ओळ एक. आठशे ओळींचा बदल रिव्ह्यूला आला की माणूस ‘ठीक वाटतंय’ लिहून मोकळा होतो. एका ओळीवर मात्र सगळ्यांनाच मत असतं.

मायएसक्यूएल एका वेळी किती जोडण्या घेईल, याचा डिफॉल्ट आकडा १५१ आहे. पूर्वी तो १०० होता. अपाची वेब सर्व्हरबरोबर काम सुरळीत व्हावं म्हणून वाढवला, असं मॅन्युअल सांगतं. दिसतो मात्र गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवरचा. गंमत म्हणजे सर्व्हर प्रत्यक्षात १५२ जणांना आत घेतो. शेवटची जागा ॲडमिनसाठी राखीव, म्हणजे सगळं गच्च भरलं तरी आत शिरून ‘कोण कोण अडून बसलंय?’ हे बघता यावं. ज्याला हे सुचलं, त्याने एखादी रात्र नक्की दाराबाहेर काढली असणार.

सगळेच आकडे इतके सालस नसतात. पक्का झालेला व्यवहार डिस्कवर कधी उतरवायचा, हे ठरवणारं एक लांबलचक नावाचं सेटिंग मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनात आहे. डिफॉल्ट १: प्रत्येक व्यवहार तिथल्या तिथे डिस्कवर. त्याचा २ केला की हे काम साधारण सेकंदाला एकदा होतं. वेग वाढतो, पण वीज गेली तर शेवटच्या सेकंदाचे व्यवहार गेलेच म्हणून समजा. कोडमध्ये हा एका अक्षराचा फरक. सेटिंगची फाइल ज्यांनी कधी उघडलीच नाही, त्यांच्या वतीने तिथे बोलणारा रिव्ह्यू करणाराच.

नवं सेटिंग आणणाऱ्याकडे मी जरा संशयानेच बघतो. ‘वापरणाऱ्याला ठरवू द्या’ हे ऐकायला फार उदार वाटतं. पुष्कळदा लिहिणाऱ्यालाच ठरवता आलेलं नसतं. एकक सेकंद की मिलिसेकंद? शून्य म्हणजे ‘बंद’ की ‘अमर्याद’? चालू सर्व्हरवर बदलेल, की रीस्टार्ट लागेल? एवढं विचारलं की निम्मी सेटिंग्ज आपणहून परत जातात.

एकदा आत आलेलं घालवणं त्याहून कठीण. क्वेरींची उत्तरं साठवून ठेवणारी क्वेरी कॅश मायएसक्यूएलने ५.७ मध्ये मोडीत काढण्याची सूचना दिली आणि ८.० मध्ये काढूनही टाकली. पण सेटिंगच्या जुन्या फाइलीत तिची एक ओळ राहिली, तर नवा सर्व्हर ते अनोळखी नाव बघून सुरूच होत नाही. तेव्हा नवी आवृत्ती चढवण्याआधी, कृपा करून, ती फाइल एकदा उघडून वाचा.