बातमीला सार्वजनिक उपयोग नाही म्हणे!

‘द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’ या शोधपत्रकारांच्या संस्थेचा ना-नफा दर्जा आयकर खात्याने काढून घेतला, ही गोष्ट जानेवारी 2025 ची. संस्थेने सांगितलेले खात्याचे कारण असे : पत्रकारितेतून कोणतेही सार्वजनिक हित साधत नाही. त्याआधी कर्नाटकातल्या ‘द फाइल’ या कन्नड वृत्तस्थळाचाही दर्जा गेला होता. हा दर्जा धर्मादाय कामांना मिळतो. 1961 च्या आयकर कायद्यातल्या अशा कामांत गरिबांना मदत, शिक्षण, औषधोपचार होते. 2015 च्या अर्थसंकल्पाने योगही आला. योग जरूर असावा. पण सरकारी कागद चाळून जनतेचा पैसा कुठे गेला हे सांगणे लोकहिताचे नाही, हा निवाडा मला साफ अमान्य आहे.

हे काम बाजार करणार नाही. तालुक्याच्या वार्ताहराचे मानधन नावापुरते; त्याचे घर चालते जाहिरातींच्या कमिशनवर. जाहिराती कोणाच्या? साखर कारखान्याच्या, पतसंस्थेच्या, ठेकेदाराच्या आणि वाढदिवसाच्या पुरवणीतल्या पुढाऱ्यांच्या. मग कारखान्याची काटामारी आणि कागदावरच बांधलेली पाण्याची टाकी त्याने लिहायची कशी? माहिती अधिकारात अर्ज, मग अपील, मग जागेवर जाऊन पडताळणी, यात महिने जातात. तेवढे महिने त्याचा पगार कोण देणार? आणि जीव? राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची रिफायनरी समर्थक जमीन दलालाबद्दलची बातमी फेब्रुवारी 2023 मध्ये छापून आली, त्याच दिवशी त्यांना गाडीने चिरडले.

बाजार करत नाही ते देणग्यांवर होऊ शकते. अमेरिकेतल्या मिसिसिपीत गरिबांसाठीचे किमान 7.7 कोटी डॉलर भलतीकडे वळले. काही तर व्हॉलीबॉलच्या स्टेडियमला गेले! माजी गव्हर्नरचा त्यातला वाटा ‘मिसिसिपी टुडे’ने खणून काढला. ही वृत्तसंस्था ना-नफा, देणग्यांवर चालणारी. 2023 चे स्थानिक वार्तांकनाचे पुलित्झर तिच्या वार्ताहराला मिळाले; त्या माजी गव्हर्नरने भरलेला बदनामीचा दावा 2025 मध्ये न्यायालयाने फेटाळला. अशा संस्थेला मालक नसतो, पण मोठा देणगीदार मालकासारखा वागू शकतो. म्हणून देणगीदारांची नावे जाहीर हवीत आणि पैसा शेकडो हातांतून यायला हवा.

आपल्याकडे सप्ताहाला, जत्रेला, गणपतीला घरटी वर्गणी निघते. तुमच्या तालुक्यात कागद मिळवून, पडताळून लिहिणारा कोणी असेल, तर त्याच्यासाठीही या महिन्यापासून वर्गणी काढा. आणि आपल्या खासदाराला विचारा : धर्मादाय कामांच्या व्याख्येत पत्रकारिता कधी घालणार?