भाच्याचं वर्षफल

जयपुरात राहणाऱ्या मराठी माणसाला कबड्डी कळते, असं इथे सरसकट धरून चालतात. हा समज दूर करायची घाई मी कधीच केली नाही. परमुलखात माणसाला काहीतरी वजन लागतं. कुणाला ते हुद्द्यामुळे मिळतं, कुणाला सासऱ्यामुळे. मला शंकरराव ऊर्फ बुवा साळवींमुळे मिळालं. बुवांनी आयुष्य वेचून हा खेळ देशभर नेला, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तो परदेशी लोकांना दाखवला, आणि या सगळ्या पुण्याईचं व्याज मी टोंक रोडवरच्या टपरीवर चहाबरोबर खातो. "भाईसाहब, आप तो महाराष्ट्र से हो," असं म्हणत कुणी प्रो कबड्डीतला एखादा वादाचा निर्णय माझ्यापुढे ठेवला, की मी आधी डोळे मिटतो. डोळे मिटून विचार करणाऱ्याला लोक तज्ज्ञ समजतात.

त्यामुळे माझा सख्खा भाचा इथे शिकायला आला आणि विद्यापीठाच्या कबड्डी संघात गेला, तेव्हा त्याच्या येत्या हंगामाचं भाकीत करणं ओघानेच माझ्याकडे आलं. म्हणजे मी ते ओढून घेतलं. बहिणीने सांगलीहून फोनवर एवढंच सांगितलं होतं, "दादा, तो वेळेवर जेवतो का, तेवढं बघ." मी जेवणाचं सोडून बाकी सगळं बघायला लागलो.

पोरगा अष्टपैलू आहे. चढाईला जातो, डाव्या कोपऱ्यात घोटा धरतो, कव्हरवाल्याचा खांदा दुखत असेल तर साखळी सोडून तिथे उभा राहतो. हा गुण आमच्या घराण्यातला, असं मी टपरीवर जाहीर केलं. त्याला आधार आहे. कॉलेजात असताना मीही संघात होतो. कबड्डीच्या संघात बारा जण असतात, सात मैदानात आणि पाच बाहेर. बाहेरच्या पाचांत राहून मी मैदानावर फक्की मारली, सगळ्यांची घड्याळं-चपला सांभाळल्या, लिंबं चिरली, गुणफलक बदलला आणि पंचांशी भांडलो. एकट्या माणसाने इतक्या जागा सांभाळल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. चढाई तेवढी राहून गेली.

तर भाकीत. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या लोकांसाठी मी एक टिपण तयार केलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, 'या हंगामात त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत.' हे वाक्य मला फार आवडतं, कारण ते कधीच खोटं पडत नाही. पोरगा चमकला तर अपेक्षा खऱ्या ठरल्या. नाही चमकला तरी अपेक्षा होत्याच की! दुसरं वाक्य, 'दुखापतींपासून दूर राहिला तर तो सर्वांना चकित करेल.' यातला 'तर' भरभक्कम आहे; त्याच्या आडोशाला तज्ज्ञाचं अख्खं कुटुंब राहू शकतं.

आणि भाकितांसाठी याहून योग्य गाव नाही. सवाई जयसिंहाने १७२७ साली जयपूर वसवायला घेतलं आणि गावात राजवाड्याला लागून चक्क आकाश मोजायचा कारखाना घातला. त्या जंतरमंतरवर पाहुण्यांना घेऊन जायची मला इतकी हौस आहे, की पाहुणे आता आमेरच्या किल्ल्याचं निमित्त सांगून परस्पर पळतात. पण ज्यांना पळता येत नाही, त्यांना मी सम्राट यंत्रासमोर उभं करतो. सुमारे सत्तावीस मीटर उंचीचं दगडी सूर्ययंत्र. त्याची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते आणि दोन सेकंदांच्या फरकापर्यंत वेळ सांगते. कबड्डीतली चढाई तीस सेकंदांची. म्हणजे एका चढाईत सम्राट यंत्राची सावली तीन सेंटिमीटर सरकते. हा शोध माझा. मी तो टपरीवर मांडला, तेव्हा दोन माणसं उठून गेली. शोध लावणाऱ्यांच्या नशिबी हे असायचंच.

शेजारी राशिवलय यंत्रं आहेत, बारा राशींची बारा. तिथे प्रत्येक पर्यटक आपापल्या राशीपुढे उभा राहून फोटो काढून घेतो आणि ते यंत्र नेमकं काय मोजतं याची चौकशी न करता निघतो. भाच्याची रास तूळ. त्यालाही मी तुळेपुढे उभा केला आणि क्रांतिवृत्ताबद्दल बरंच सांगितलं. तो म्हणाला, "मामा, चाचणी कधी आहे ते यावर कळतं का?"

खरी गंमत आषाढी पौर्णिमेला असते. त्या दिवशी सूर्यास्ताच्या वेळी जयपूरचे ज्योतिषी सम्राट यंत्राच्या माथ्यावर चढतात, ध्वज धरतात, वारा कुठून कुठे चाललाय ते पाहतात आणि यंदा पाऊस कसा, ते सांगतात. वायुपरीक्षण म्हणतात त्याला. खाली लोक माना वर करून उभे. ज्योतिषी उतरले की आधी आपसांत बोलतात, मग सगळ्यांशी. मला त्या माणसांबद्दल मनापासून भ्रातृभाव वाटतो. एवढ्या उंचीवर चढून, वारा चेहऱ्यावर घेऊन, येत्या हंगामाबद्दल ठाम बोलायचं. आणि पुढे पाऊस रुसला तर वाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. मला तिथे चढू देत नाहीत, म्हणून मी गच्चीवरून बोलतो.

शिवाय यात मराठी हात आहे. जयसिंहाचे गुरू रत्नाकर पौंडरीक हे महाराष्ट्रीय. ब्रह्मपुरीत त्यांच्या नावाची हवेली आहे, भिंतींवर चित्रं आहेत. आता राजाच्या गुरूने शिष्याला आकाशाविषयी काय सांगितलं, ते मी ऐकलेलं नाही. पण जयपूर वसवणाऱ्या राजाचा गुरू एक मराठी पंडित होता, हे मी येताजाता सांगतो आणि ते सांगताना माझा आवाज थोडा त्यांच्या वंशजासारखा होतो. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली, हेही सांगतो. अल्लादिया खाँसाहेब जयपूर संस्थानातल्या उनियाऱ्याचे. ते कोल्हापूरला आले आणि जयपूरच्या नावाचं गाणं केसरबाई, मोगूबाई, किशोरीताईंच्या गळ्यातून आमच्याकडे राहिलं. बदल्यात कबड्डी इकडे आली. हा हिशेब मी—

असो. विषय भाच्याचा होता.

कबड्डीच्या हिशेबात मात्र जयपूरने आम्हाला चांगलंच लुबाडलंय. २०१४ साली प्रो कबड्डीचा पहिलाच करंडक जयपूर पिंक पँथर्सने नेला, तो वरळीत येऊन, यू मुंबाला ३५-२४ हरवून. दुसरा नेला १७ डिसेंबर २०२२ ला, पुन्हा वरळीत, पुणेरी पलटणला ३३-२९ हरवून. आमच्याच अंगणात येऊन एकदा मुंबई, एकदा पुणे! दीपक हुडा हा अष्टपैलू आधी पुण्याचा कर्णधार होता. २०१८ च्या लिलावात जयपूरने त्याला एक कोटी पंधरा लाखांना उचललं. मीही महाराष्ट्र सोडून जयपूरला आलो, पण माझ्या वेळी लिलाव झाला नाही. बदलीची ऑर्डर आली.

भाच्याची अडचण याहून वाईट. राजस्थानची विद्यापीठं आंतरविद्यापीठ स्पर्धेत पश्चिम विभागात, आणि महाराष्ट्राचीही त्याच विभागात. म्हणजे येत्या हंगामात हा सांगलीचा पोरगा जयपूरच्या बनियनवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाविरुद्ध उभा राहू शकतो. मी कुणाच्या बाजूने ओरडायचं? यावर बहिणीने सोपा तोडगा दिला, "तू ओरडूच नकोस दादा, तुला बीपी आहे."

इथपर्यंत माझं भाकीत झकास चाललं होतं. मग संघाच्या सरांना भेटलो. भला माणूस. म्हणाले, "लड़का बहुत काम का है। जहाँ कहो, वहाँ खड़ा हो जाता है।" मी मान डोलावली आणि घरी येईपर्यंत चिडलेलो होतो. कारण हे मला ओळखीचं होतं. संघाची आखणी होते ती मुख्य चढाईपटूभोवती. त्याचं दुखलं-खुपलं बघतात, त्याला दम खायला बाहेर बसवतात. अष्टपैलू पोरगा म्हणजे लग्नघरातली सतरंजी, जिथे जागा मोकळी दिसेल तिथे अंथरायची. सकाळी चढाईचा सराव, संध्याकाळी पकडीचा. दोन माणसांचा घाम एकाच्या अंगातून. आणि चौघांनी मिळून केलेल्या पकडीचा गुण लागतो एकाच्या नावावर. बाकीच्या तिघांनी साखळी धरली नसती तर तो गडी मध्यरेषा ओलांडून घरी गेला असता, हे गुणफलकावर लिहायला जागा नसते. कबड्डी राहू द्या. प्रत्येक घरात, प्रत्येक ऑफिसात असा एकजण असतो. सिलिंडरपासून श्राद्धापर्यंत सगळ्याला तोच लागतो. आणि फोटो काढायचा झाला की कॅमेरा त्याच्याच हातात देतात.

भाच्याच्या खोलीत भिंतीवर अस्लम इनामदारचा फोटो आहे. तो नगर जिल्ह्यातला. चढाईही करतो, पकडही करतो. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पुणेरी पलटणने करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार तोच आणि हंगामातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. त्या आधी हांगझोऊच्या आशियाई सुवर्णपदकातही तो होता. दोन्ही कामं करणारा माणूस मधोमध उभा राहू शकतो, याचा पुरावा म्हणून पोराने तो फोटो लावलाय. पुढच्याच हंगामात अस्लमला दुखापतीने गाठलं, हेही पोराला पाठ आहे.

त्या फोटोखाली बसून तो उजव्या गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळत होता. मी विचारलं, तर म्हणाला, "काही नाही रे मामा. आईला बोलू नकोस." मग त्याने एक अर्ज पुढे केला. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीसाठीची निवड चाचणी. नाव, वजन, उंची, आणि पुढे दोन चौकोन: चढाईपटू, बचावपटू. कोणत्याही एकावर खूण करा.

"मामा, तू सांग. तुला कळतं यातलं."

मी डोळे मिटले. या वेळी ते मिटून काही उपयोग होत नव्हता. चढाईवर खूण केली, तर त्याच्यापुढे दिवसभर फक्त चढाई घोटवणारी पोरं उभी. बचावावर केली, तर ज्या खेळामुळे तो पहाटे उठतो तो अर्धा सोडून द्यायचा. एकोणीस वर्षांचा पोरगा, काहीही करायला तयार, आणि कागद म्हणतो एकच काय ते सांग. मला त्या चौकोनांचा असा राग आला की लेखकाला शोभणार नाही ते मी बोललो. भाचा हसला. म्हणाला, "हे काही अर्जात लिहिता येणार नाही."

शेवटी त्याने बचावपटूवर खूण केली. मला विचारून नाही. मी अजून बोलत होतो. "चढाई मी तिथे गेल्यावर दाखवेन," म्हणाला, आणि जेवायला गेला. त्या दिवशी तो वेळेवर जेवला, एवढं बहिणीला खरं कळवलं. गुडघ्याचंही कळवलं. मामा झालो म्हणून काय झालं, भाऊ आधीचा आहे. आता भाचा माझ्याशी बोलत नाही, पण फिजिओकडे जातो.

टिपण मी नव्याने लिहिलं आहे. अपेक्षा काढून टाकल्या, 'तर'ही काढला. आता त्यात एवढंच आहे: पोरगा यंदा डाव्या कोपऱ्यात खेळेल, संघ मागे पडला की त्याला चढाईला पाठवतील आणि तो जाईल. वाचकांपैकी कुणाचा मुलगा पश्चिम विभागात समोरच्या संघातून चढाईला येणार असेल, तर त्याला आत्ताच सांगून ठेवा की जयपूरवाल्यांच्या डाव्या कोपऱ्याच्या फार जवळ पाय टाकू नकोस. आणि आमचा भाचा चढाईला आला, तर कृपा करून त्याचा उजवा गुडघा सोडून कुठेही धरा.