मुक्त खेळ, सक्तीचा

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खेळातून शिकवा म्हटले, आणि शहरांतल्या नर्सऱ्यांनी ते मनावर घेतले. अभिनंदन! १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पाने, खडे, शिंपले हीच तिथली साधने. बिचाऱ्यांना शिंपल्यांची फी लावायचे सुचले नाही.

आता तशी गैरसोय नाही. वाळू धुऊन, गाळून येते. तिचे शुल्क वेगळे. वेळापत्रकात ‘मुक्त खेळ’ नऊ चाळीस ते दहा. त्या वीस मिनिटांत जो मोकळेपणाने बागडणार नाही, त्याच्या डायरीत शेरा. (अजून धड बोलता येत नसल्याने तो खुलासा देत नाही, हे शिस्तीला पोषकच.) गृहपाठ म्हणून घरी लपाछपी खेळायची, लपलेल्या मुलाचा स्पष्ट दिसेल असा फोटो पालकांच्या सहीनिशी जोडायचा.

पुढचे पाऊल उघड आहे. खेळात कच्च्या मुलांसाठी संध्याकाळची शिकवणी, मग सराव परीक्षा, पकडापकडीचे अपेक्षित प्रश्नसंच. विरोध होईल, पण तो मोडून काढावा. बेशिस्त शिरू लागली आहेच: परवा एक साडेतीन वर्षांचा मुलगा खेळाच्या तासाला घसरगुंडीमागे लपून ‘ग’ गिरवताना सापडला. पालकांना बोलावणे गेले आहे.