नवस आहे म्हणा!

सीलिॲक असलेल्या, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसणाऱ्या माणसाने महाराष्ट्रात प्रवासाला निघावं ते एकादशी बघूनच. एरवी हायवेवरच्या हॉटेलात "गहू, मैदा, रवा काही चालत नाही" असं सांगितलं, की वेटर सहानुभूतीने मान डोलावतो आणि विचारतो, "मग उपमा देऊ?"

नेट लावला तर भाकरी मिळते. ज्वारीचीच, शंका नको. फक्त थापताना खाली भुरभुरलेलं पीठ गव्हाचं असतं, कारण "त्याने चिकटत नाही, साहेब." वरणभात तरी निर्धोक? फोडणीत हिंग असतो आणि बाजारातल्या डबीबंद हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. थालीपीठ म्हणाल, तर भाजणीत गहू ठाण मांडून बसलेला.

एफएसएसएआयच्या नियमानुसार 'ग्लुटेन-फ्री' पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. भटारखान्यात माप एकच: "एवढ्याशाने काय होतंय?"

राहता राहिला उपवास. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा. मेन्यूकार्डावरचा हा कोपरा जणू आपल्यासाठीच छापलेला. पण साबुदाणा वडा पोहतो तो समोशाच्याच तेलात.

तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी खिशातच ठेवा आणि कडक नवस आहे म्हणून सांगा. आजाराला कोणी कढई बदलत नाही. देवासाठी मात्र ती घासून येते, तेलही नवं पडतं. वर मालक जातीने गल्ल्यावरून उठून विचारायला येतो, "पावतो का हो?"