ट्रम्पतात्यांना भोकरदनहून पत्र

भोकरदन, जि. जालना
दिवाळीच्या तोंडावर, २०२५

ती. ट्रम्पतात्यांना,
शि. सा. न. वि. वि.

नोबेलचं ऐकून वाईट वाटलं. व्हेनेझुएलाच्या मारिया कोरिना मचाडोबाईंना दिलं म्हणे. आठ-आठ युद्धं थांबवल्याचं तुम्ही स्वतः सांगता, तरी पदरात काही नाही! मे महिन्यात आमचं पाकिस्तानशी जुंपलेलंही तुम्हीच थांबवलंत. आमचं सरकार अजून म्हणतंय की १० मेला दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांचं फोनवर बोलणं झालं आणि तोफा थांबल्या. मनावर घेऊ नका. सोयरीक जुळवल्याचं श्रेय आमच्याकडेही पाच-सहा जण घेतातच.

युद्धं थांबवता थांबवता सप्टेंबरात तुम्ही संरक्षण खात्याचं नाव ‘युद्ध खातं’ केलंत, हे विशेष आवडलं. नावं बदलण्याचा सराव मराठवाड्यालाही चांगला आहे.

पण जाफराबाद रोडला पहाटे पळणारी भरतीची पोरं जरा काळजीत आहेत. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे, अग्निवीर व्हायचं, चार वर्षांनी शंभरातले फार तर पंचवीस कायम. त्यातला एक विचारत होता, “तात्यानं सगळीच युद्धं थांबवली तर आपल्या जागा निघतील का?” तेवढा खुलासा करावा.

२४ जुलैला तुम्ही कॉलेजचे खेळ वाचवण्याचा हुकूम काढलात. आम्हाला भरून आलं. मग कळलं, तिकडचे खेळ पैशानं गुदमरलेत. १ जुलैपासून तिथलं एकेक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना वर्षाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटू शकतं. वर धनिक चाहते बाहेरून पाकिटं देतात, आणि जड पाकीट दिसलं की पोरगा कॉलेज बदलतो. (याला आम्ही पक्षांतर म्हणतो, इथं ते कॉलेज सुटल्यावर सुरू होतं.) आमच्याकडचा कबड्डीचा संघ विद्यापीठाच्या सामन्यांना लाल परीनं जातो. भत्त्यात जाताना चहा-पोहे बसतात, येताना नुसता चहा. पोरं खेळतात ती सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाकडे बघून. त्यासाठी राज्यात काही हुशारांनी उडी न मारताच ट्रॅम्पोलिनची प्रमाणपत्रं मिळवली होती. आम्हाला वाचवायला एखादा छोटा हुकूम चालेल, सही मोठी असली तरी.

तुमचे हुकूम इथवर पोचत नाहीत असं मात्र नाही. २७ ऑगस्टपासून आमच्या मालावर ५० टक्के कर. त्यातला निम्मा रशियाचं तेल घेतल्याचा दंड. भोकरदनच्या फोडणीत सोयाबीनचंच तेल पडतं हो! कापड गिरण्या धास्तावल्या, म्हणून दिल्लीनं परदेशी कापसावरचा ११ टक्के कर १९ ऑगस्टपासून माफ केला, मग ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे तुमच्या टेक्सासचा कापूसही बिनकराचा येणार. दंड तेलाचा, भरणार कपाशीवाला. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे खरा, पण सप्टेंबरच्या पावसानं बोंडं भिजली, आणि ओलावा १२ टक्क्यांवर गेला की हमीभावानं कापूस घेणारं सरकारी सीसीआय गाडी परत धाडतं.

व्यापारी तुटीची तुमची तक्रार आम्हाला नवी नाही. केळना काठचं हे गाव सातवाहनांच्या काळात भोगवर्धन होतं. इथल्या उत्खननात एक हस्तिदंती मूर्ती निघाली. तिच्यासारखीच एक १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईत सापडली होती, आणि तीही इकडूनच गेली असावी असं बरेच अभ्यासक मानतात. त्याच काळात प्लिनी नावाच्या रोमन आरमारप्रमुखानं लिहून ठेवलं की हिंदुस्थान दरसाल ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि माल शंभरपट भावानं विकला जातो. रोमनांनीही आमच्या मालावर २५ टक्के कर लावला होता. वर दंड तेवढा नव्हता. पुढे इ. स. ७९ मध्ये ज्या ज्वालामुखीनं पॉम्पेई गाडली, त्याच उद्रेकात प्लिनीही गेला. त्यात भोकरदनचा काही हात नव्हता, हे आधीच कळवून ठेवतो.

आपला,
एक कपाशीवाला